कच्चा लिंबू

लहानपणीच्या खेळांचा विषय निघाला की विटीदांडू, लगोरी, सागरगोटे अशी नावे आपण भराभर घेतो आणि हे खेळ आता कुठे दिसत नाहीत म्हणून हळहळतो. मला मात्र या सगळ्या नावांच्या आधी आठवते ते एक पद, जे आमच्या आळीतल्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने कधी ना कधी भूषवलेले होते: कच्चा लिंबू. ज्याला अजून धड पळता येत नाही, ज्याच्या हातून चेंडू सुटतो आणि ज्याला लपायला सांगितले तर तो डोळे मिटून भिंतीला टेकून उभा राहतो, अशा चार-पाच वर्षांच्या पोराला खेळात घ्यायचे; पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही आणि तो बाद झाला तरी त्याला बाद धरायचे नाही. ही सवलत चोरून दिलेली नसे. खेळ सुरू होण्यापूर्वी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ती जाहीर केली जाई आणि मग तिच्याविषयी कोणी तक्रार करत नसे. इतकी वर्षे उलटल्यावर मला वाटते, की आमच्या बालपणातल्या सगळ्या खेळण्यांपेक्षा आणि खेळांपेक्षा ही एक व्यवस्था अधिक मोलाची होती, कारण बाकीचे सारे तिच्या जोरावर चालत होते.

मी वाढले ती १९८०च्या दशकातली वाई. कृष्णेचे सात घाट, घाटांना लागून असलेल्या आळ्या, आळ्यांतले वाडे आणि वाड्यांचे चौक ही आमची मैदाने होती. परीक्षा संपल्या, नदीचे पाणी उतरले, की पात्रातला कोरडा पट्टाही त्यांत जमा होई. ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधले. पुराचा लोंढा अंगावर आला तर तो दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केलेली आहे. हे स्थापत्याचे कौतुक मी फार पुढे वाचले. त्या वयात आम्हांला एवढेच ठाऊक होते की या निमुळत्या भिंतीच्या एका अंगाला उभे राहिले, तर दुसऱ्या अंगाने येणाऱ्याला आपण अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाही. लपंडावात ती जागा पटकावण्यासाठी मुले जिवाच्या आकांताने पळत असत.

खेळायला एकत्र जमलेली मुले एका वयाची कधीच नसायची, आणि सगळी गंमत तिथूनच सुरू होई. संध्याकाळी दादा चपला पायांत सरकवू लागला की स्वयंपाकघरातून आईचा आवाज येई, "जायचं तर जा, पण हिला बरोबर ने." घरोघरी हेच चाले. त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या हाताला एक शेंबडे भावंड असे आणि त्याला सांभाळल्याशिवाय खेळताच येत नसे. घरी बसवावे तर ते भोकाड पसरणार, कट्ट्यावर बसवावे तर मध्येच धावत येऊन खेळ मोडणार, आणि पुरते खेळात घ्यावे तर प्रत्येक डावात त्याच्यावरच राज्य येणार. या अडचणीतून निघालेला तोडगा म्हणजे कच्चा लिंबू. तो दयेपोटी निघाला असे मला वाटत नाही. तो निव्वळ गरजेपोटी निघाला, आणि म्हणूनच तो इतका टिकाऊ आणि इतका न्याय्य झाला असावा.

कच्चा लिंबू असण्याच्या काळात मूल खेळ शिकत असे, हे मात्र कोणाच्या मनात नसतानाही घडत होते. त्याला नियम कोणी समजावून सांगत नसत. ते सगळ्यांबरोबर पळे, सगळ्यांबरोबर लपे, मोठ्यांची भांडणे ऐके, कोणता युक्तिवाद चालतो आणि कोणता 'रडीचा डाव' ठरतो हे पाहून ठेवी. दोन-तीन उन्हाळे असे गेले की खेळाचा सगळा कायदा त्याच्या अंगात मुरलेला असे. तीन-तीन मुलांनी हातावर हात टाकून चकायचे, उपड्या-सुलट्या हातांत जो वेगळा पडेल तो सुटतो; उरलेल्या दोघांना बाहेरचा एक 'कोरडा हात' जोडून पुन्हा चकायचे; घाईची वेळ असेल तर 'अडम तडम' म्हणत बोटाने मोजायचे; कोणाच्या चपलेचा अंगठा तुटला किंवा गुडघा फुटला तर मूठ ओठांना लावून 'टाइम प्लीज' म्हणायचे आणि ते उच्चारल्यावर त्याला कोणी हात लावायचा नाही; पण पकडणारा अगदी दोन हातांवर आल्यावर टाइम प्लीज म्हटले तर ते धरायचे नाही. हा शेवटचा पोटनियम कुठल्याही पुस्तकात नव्हता आणि तरी त्यावर आमच्या आळीत पूर्ण एकमत होते.

पक्के होण्याचा दिवस ज्याचा त्याने ठरवायचा असे. माझा तो दिवस आला तेव्हा विषामृत चालले होते. विष म्हणून ज्याला शिवले तो जागच्या जागी बसायचा आणि आपल्यापैकी कोणी अमृत म्हणून हात लावला की उठायचा. मला शिवूनही कोणी बसायला सांगत नव्हते आणि अमृत द्यायलाही कोणी येत नव्हते. मी मध्यभागी उभी राहून सांगितले, की आजपासून मला धरायचे. दादाने इतरांकडे पाहिले, मोठ्या मुलींपैकी एकीने विचारले, "राज्य आलं तर रडणार नाहीस ना?" मी नाही म्हणाले आणि ठराव मंजूर झाला. पुढच्याच डावात राज्य माझ्यावर आले आणि दिवेलागणीपर्यंत ते फिटले नाही. पळून पळून माझ्या पायांत गोळे आले होते, पण त्या संध्याकाळी मी जितक्या अभिमानाने घरी गेले तितक्या अभिमानाने पुढे कुठल्याही परीक्षेच्या निकालानंतर गेल्याचे मला आठवत नाही.

आमचा सर्वांत लाडका खेळ होता डबा ऐसपैस, आणि तो खेळायचा काळोख पडू लागल्यावर. डबा डालड्याचा, पिवळा, हिरव्या झाडाचे चित्र असलेला. आदळून आदळून त्याचे पोट आत गेलेले असे आणि कडा एका बाजूला दुमडलेली असे. रिंगण आखून त्यात तो ठेवायचा, एकाने तो होता होईल तितका लांब फेकायचा आणि राज्य असलेला तो आणायला गेला की बाकीच्यांनी पसार व्हायचे. डबा रिंगणात परत ठेवून तो शोधायला निघे. कोणी दिसला की त्याचे नाव घेऊन डब्यावर आपटायचे, मग तो बाद. पण राज्य असलेल्याची पाठ वळताच लपलेल्यांपैकी कोणी धावत येऊन लाथेने डबा उडवला आणि 'डबा ऐसपैस' अशी आरोळी ठोकली, की आतापर्यंत बाद झालेले सगळे सुटत आणि राज्य पुन्हा त्याच्याच माथी बसे. त्यामुळे शोधणाऱ्याचा जीव सतत अर्धा डब्यात आणि अर्धा अंधारात. लांब जावे तर डबा उडतो, जवळ राहावे तर कोणी सापडत नाही.

या खेळातली सर्वांत मोठी विद्या म्हणजे शर्ट बदलणे. चुकीचे नाव घेतले तर राज्य पुन्हा त्याच्यावरच येते, हा नियम असल्यामुळे ओळख लपवणे हे शस्त्र होते. आमच्या शेजारच्या वाड्याच्या देवडीत दोन जण अंधारात भराभर शर्ट उतरवत आणि एकमेकांचे चढवत. गुंड्या वरखाली लागत, बाही उलटी राही, आणि मग त्यांपैकी एक जण दिंडी दरवाजातून फक्त खांदा आणि कोपर बाहेर काढून उभा राही. रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा उजेड त्या चौकड्याच्या बाहीवर पडलेला असे. शोधणारा थबके, मान तिरकी करी, एक पाऊल पुढे येई, बाही नीट न्याहाळी आणि शेवटी मोह न आवरून नाव पुकारी. त्यासरशी आतून हास्याचा जो स्फोट होई त्याने वाड्यातली म्हातारी माणसेही माजघरातून विचारीत, "कोण फसलं रे आज?" मुलींना शर्टाची ही सोय नव्हती. म्हणून आम्ही रिबिनी बदलत असू आणि एकीच्या वेण्या दुसरीसारख्या वर बांधत असू. अंधारात आमची युक्तीही तितकीच चांगली चाले.

खेळांना ऋतू होते आणि ते कोण ठरवी हे मला अजून उलगडलेले नाही. एके दिवशी सगळ्या खिशांत गोट्या खुळखुळू लागत, कोयबा या गोट्यांच्या डावात हरलेल्या मुलांची कोपरे गोटी ढकलून ढकलून सोललेली दिसत. मग काही आठवड्यांनी, कोणी दवंडी न पिटताही, गोट्या डब्यांत जात आणि भोवरे बाहेर येत. विटीदांडूचा हंगाम शेते मोकळी झाल्यावरचा. त्यात वकट-लेंड अशी मोजणी करत टोल्यांचे हिशेब चालत, पण खरे सांगायचे तर विटी कोणाच्या तरी डोळ्याला लागेल या भीतीने आम्हां मुलींना त्यातून लांब ठेवले जाई, म्हणून त्याविषयी मला फारसे सांगता यायचे नाही. सुरपारंब्या मात्र आम्ही मनसोक्त खेळलो. वाईहून सुरूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा जुने वड आहेत. त्यांतल्या एखाद्याखाली रिंगण आखायचे, पायाखालून काठी लांब भिरकावायची आणि राज्य असलेला ती आणून ठेवीपर्यंत सगळ्यांनी झाडावर चढून बसायचे. मग तो वर चढून कोणाला शिवायच्या आत पारंबीला लोंबकळून खाली उतरायचे आणि काठी गाठायची. पारंबी तळहातांतून सरकताना जी झोंबी बसते ती ज्याने अनुभवली त्याला आणखी वर्णन नको.

भोवऱ्याविषयी मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ते माझे सर्वांत आवडते खेळणे होते आणि आळीत भोवरा फिरवणाऱ्या मुली अगदी मोजक्या होत्या. भोवरा बाजारातून आणला की लगेच फिरवायचा नसे. कातारी लाकडाला चरकावर धरून त्यावर लाखेचे लाल-हिरवे पट्टे चढवी, ते दिसायला सुंदर असत, पण खरा कस आरीचा. खाली ठोकलेला हा खिळा रेषभर जरी तिरका असला तरी भोवरा थरथरतो, 'खरखर' करतो आणि लवकर कलंडतो. तो दगडावर घासून, अधूनमधून नखावर ठेवून पाहत, त्याचे टोक बोथट पण सरळ करून घ्यावे लागे. मग जाळी. सुताची दोरी नवी असताना निसटते, म्हणून ती ओली करून पिळायची आणि टोकाला गाठ मारून ती दोन बोटांच्या मध्ये अडकेल अशी करायची. आरीपासून सुरुवात करून फेऱ्यांवर फेरे न चढू देता, एकमेकाला चिकटवून, पोटापर्यंत गुंडाळायची. मनगटाच्या झटक्याने भोवरा सोडला आणि जाळी वेळेवर मागे खेचली, की तो जमिनीवर पडून आधी थोडा भटकतो, मग एका जागी स्थिर होतो आणि इतका शांत घुमतो की त्याचे पट्टे विरघळून एकच रंग होतो. दोन बोटांच्या बेचक्यातून तो हळूच तळहातावर घ्यायचा. हाताला जी गुदगुली होई ती आरीची. दादाला हातजाळी येत होती, म्हणजे भोवरा जमिनीला लागू न देता हवेतच ओढून थेट तळहातावर घेणे. ते त्याने मला वाड्याच्या मागच्या अंगणात, शहाबादी फरशी फुटू नये म्हणून मातीवर, चिकाटीने शिकवले.

भोवऱ्यातली शिक्षा कठोर होती. ज्याचा भोवरा फिरला नाही त्याने तो रिंगणात ठेवायचा आणि इतरांनी आपल्या भोवऱ्याची आर त्यावर हाणायची. खोचा पडला की लाकडाचा टवका उडे. चांगला भोवरा दुभंगताना पाहणे जिवावर येई. पण कच्च्या लिंबाचा भोवरा रिंगणात ठेवला जात नसे आणि पक्क्यांपैकी कोणी नवाकोरा भोवरा आणला असेल तर पहिल्या दिवशी त्याला खोचे मारायचे नाहीत, असा अलिखित संकेत होता. कठोरपणाला कुठे आवर घालायचा याची जाण मुलांना उपजत असते असे मी म्हणणार नाही. ती आमच्यात होती, कारण आम्ही ती आमच्याहून मोठ्या मुलांच्या वागण्यात पाहिली होती.

गोट्या-भोवरे सोडले तर विकतची खेळणी वर्षातून एकदा मिळत, ती वाईजवळच्या बावधनच्या जत्रेत. रंगपंचमीला बगाड, म्हणजे नवसाचा माणूस उंच टांगून बैलांनी ओढायचा गाडा, सोनेश्वराहून निघे. उंच शिडाला टांगलेला बगाड्या, दगडी चाकांची ती अवजड रचना, ठिकठिकाणी बदलले जाणारे धिप्पाड बैल आणि गुलालाने माखलेली माणसे हे सगळे मी आजोबांच्या खांद्यावरून पाहिले आहे, परंतु मनातून माझे लक्ष रस्त्याच्या कडेला मांडलेल्या दुकानांकडे असायचे. पिपाण्या, भिरभिरी, दोऱ्याने ओढले की मातीच्या चाकांवर टकटक वाजत चालणारी गाडी, दाबले की टिकटिकणारा पत्र्याचा बेडूक, कचकड्याच्या बाहुल्या. या सगळ्यांत मी निवडली ती पत्र्याची बोट, जी पाण्यावर आपोआप चालते असे विकणारे काका एका घमेल्यात तिला फिरवून दाखवत होते.

घरी आल्यावर आईने मोठी पितळी परात चौकात आणून दिली आणि भोवती सारी आळी गोळा झाली. बोटीच्या मागच्या टोकाला, पाण्याखाली राहतील अशा, दोन बारीक नळ्या होत्या. त्यांतून आधी पाणी भरायचे, तोंडात घेऊन फुंकले तरी चाले. मग पत्र्याच्या इवल्याशा पळीत तेलात भिजवलेली वात ठेवून ती पेटवायची आणि बोटीच्या पोटात, नळ्यांच्या वरच्या चपट्या डबीखाली सरकवायची. काही वेळ काहीच होत नसे. मग डबीचे पातळ झाकण फटफट फटफट वाजू लागे आणि बोट परातीच्या कडेने गोल फिरू लागे. तिचे इंगित मला शाळेत भौतिकशास्त्र शिकताना कळले. डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतले पाणी जोराने मागे ढकलते आणि बोट पुढे जाते. वाफ थंड होऊन आक्रसली की नळ्या बाहेरचे पाणी पुन्हा आत ओढतात. बाहेर जाणारे पाणी एका सरळ धारेत मागे फेकले जाते आणि आत येणारे चहूबाजूंनी येते, म्हणून आत ओढताना बोट तितकी मागे येत नाही. तोमा पियो नावाच्या गृहस्थाने या खेळण्याचे पेटंट ब्रिटनमध्ये १८९१ साली घेतले होते. म्हणजे बावधनच्या जत्रेत पोहोचेपर्यंत ते जवळजवळ शतकभराचे झाले होते, आणि तरीही परातीभोवती बसलेल्या आम्हां सर्वांना ते त्याच दिवशी जन्मल्यासारखे नवे वाटले. तेल संपेपर्यंत कोणी जागचे हलले नाही. आळीतल्या सर्वांत लहान मुलाला वात पेटवल्यावर बोट पाण्यात सोडण्याचा मान मिळाला होता.

पावसाळ्यात खेळ माजघरात येत, आणि तिथे राज्य आजीचे. सागरगोट्याच्या करड्या, कवचासारख्या कठीण बिया तिच्या फडताळात एका कापडी पिशवीत असत. एक वर उडवायचा, तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, आणि शेवटी मुठीत मावतील तेवढे सगळे. आजीची बोटे संधिवाताने वाकलेली होती, पण सागरगोटे वर उडाले की त्या हाताची उलटी बाजू पसरून त्यावर ते अलगद झेलताना ती आमच्या कोणापेक्षाही चपळ होती. चल्लस-आठ खेळायला चिंचोके लागत. चिंचोका उंबऱ्याच्या दगडावर घासून त्याची एक बाजू पांढरी करायची, असे चार झाले की फाशांचे काम भागते. पाच-पाच घरांचा पट खडूने फरशीवरच आखायचा. ज्याने दुसऱ्याची सोंगटी मारलेली नाही त्याला आतल्या घरांत शिरता येत नाही, या नियमामुळे डावाला धार येई आणि एरवी शांत असणाऱ्या माझ्या आत्या या पटावर कोणाचीही गय करत नसत. भातुकलीत मात्र हरणे-जिंकणे नव्हते. पितळेची चूल, बोटभर तवा, पोळपाट-लाटणे, चुरमुऱ्यांचा भात आणि दाण्या-गुळाची पुरणपोळी. कच्चा लिंबू म्हणून फिरणाऱ्या धाकट्यांना इथे पाहुणे केले जाई आणि पाहुण्यांना सर्वांत आधी वाढले जाई.

एक खेळणे आम्ही स्वतः बनवले, ते म्हणजे बेअरिंगचा गाडा. सातारा रस्त्यावरच्या गॅरेजांतून झिजून टाकलेली तीन बेअरिंगे मिळवायची, एका रुंद फळीला मागे दोन आणि पुढे एक बसवायचे, पुढचा आडवा दांडा एकाच बोल्टवर सैल ठेवायचा म्हणजे पायांनी तो वळवता येतो. घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तो सोडला की लोखंडाचा दगडावरचा खडखडाट पलीकडच्या आळीतही ऐकू जाई. धाकट्याला मधोमध, मोठ्याच्या पायांत धरून बसवायचे हा इथला नियम, आणि तो मोडणाऱ्याला गाडा मिळत नसे.

या सगळ्याला ओहोटी कधी लागली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारत विश्वविजेता झाला आणि त्यानंतर आळीतल्या मुलांच्या हातात ऋतू कोणताही असो, बॅट दिसू लागली. पुढे रविवारी सकाळी दूरदर्शनवर पौराणिक मालिका सुरू झाल्या आणि त्या वेळेला चौक ओस पडू लागले. मी क्रिकेटला दोष देत नाही. एक टप्पा एक हात, जो मारेल तो आणेल, असे नियम रचून मुलांनी त्यालाही आपल्या आळीत बसवून घेतलेच. खरा बदल झाला तो वाडे पडून सदनिका झाल्यावर आणि प्रत्येक वयाच्या मुलांसाठी वेगळा वर्ग, वेगळे शिबिर, वेगळी बॅच सुरू झाल्यावर. सहा वर्षांची मुले सहा वर्षांच्या मुलांबरोबरच खेळू लागली. तिथे कच्च्या लिंबाची गरज उरली नाही, आणि त्याच्याबरोबर खेळ पुढच्या पिढीला सोपवण्याची रीतही गेली.

काही खेळ यातून वाचले, कारण त्यांना नियमांचे पुस्तक मिळाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. कबड्डी १९९० पासून आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. ते सामने पाहताना माझे डोळे भरून आले. पण डबा ऐसपैसला, विषामृताला, सुरपारंब्यांना संघटना नाही, मैदानाचे माप नाही. ते खेळ फक्त थोरल्या मुलांकडून धाकट्या मुलांकडे जाऊ शकतात. मोठ्या माणसांनी वर्णने लिहून ठेवली, माझ्यासारखी, तरी त्यातून खेळ उभा राहत नाही.

म्हणून मी माझ्या परीने एवढेच केले, की आमच्या पुण्यातल्या सोसायटीत मे महिन्यात संध्याकाळी खाली बसू लागले आणि पाचवी-सातवीतल्या मुलामुलींना, धाकट्या भावंडांना घेऊन या असे सांगितले. डबा प्रोटीन पावडरचा आहे, चांगला वाजतो. कच्चा लिंबू म्हणजे काय हे मला एकदाच सांगावे लागले, नंतर त्यांनीच एका बालवाडीतल्या मुलाला ते पद देऊन टाकले आणि त्याला उचलून घेऊन लपण्याची एक नवी तऱ्हा काढली, जी आमच्या काळी नव्हती. आमचे रखवालदार काका मूळचे बीडकडचे आहेत. त्यांनी आपल्या गावची रीत सांगितली, की डबा आणायला जाताना उलटे चालत जायचे. मुलांनी त्यावर पायऱ्यांवर बसून चर्चा केली, एकदा तसे खेळून पाहिले आणि बहुमताने ती स्वीकारली. पार्किंगमध्ये गाडीमागे लपावे, गाडीखाली नाही, हेही ठरले आहे. लिफ्टमध्ये लपून वरखाली करत राहणे धरायचे की नाही, यावर मात्र सातवीतल्या मुली आणि पाचवीतली मुले यांच्यात अजून कडाक्याचे भांडण चालू आहे.